उत्तरेकडची बाल्कनी, भरपूर खत आणि तरीही किडकिडीत झाडं: पानात अन्न बनतं तरी कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोरेगावात सातव्या मजल्यावर घर, बाल्कनी उत्तरेला, समोर दुसरी इमारत. तुळस, मिरची, टोमॅटो आणि मोगरा लावलाय. रोज पाणी घालता, दर पंधरवड्याला खत देता. तरी मिरची आणि टोमॅटो नुसते उंच सुटलेत, तुळशीची खालची पानं पिवळी पडून गळतात, मोगऱ्याला कळी धरत नाही. त्यात सातवीतल्या मुलीने विचारलं, की झाड सूर्यप्रकाशात आपलं अन्न आपण बनवतं असं पुस्तकात आहे, मग आई, तू खत कशाला घालतेस? आणि आपल्याकडे ऊनच येत नाही, तर ही झाडं अजून जिवंत कशी?

ताई, मला तुमच्या मुलीचे प्रश्न आधी घ्यावेसे वाटतात. तुमच्या मिरचीचं आणि मोगऱ्याचं उत्तर त्यांच्यातच आहे. मी मुंबईत बरीच वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि आता लोकांच्या गच्च्या, बाल्कन्या, खिडक्यांच्या ग्रिल बघायला जाते. वर्गात काय आणि बाल्कनीत काय, एक समजूत सगळीकडे भेटते: झाड मातीतून जेवतं, त्यामुळे झाड खंगलं की त्याला आणखी खत द्यायचं. तुमची खरी अडचण खताची नाहीच. झाडाला दिवसभरात जेवढा प्रकाश लागतो तेवढा मिळत नाहीये, आणि ती उणीव तुम्ही पाण्याने आणि खताने भरून काढायचा प्रयत्न करताय. तशी ती भरून निघत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. नक्की किती उजेड कमी पडतोय हे समोरची इमारत किती फुटांवर आहे, वरच्या मजल्याचा स्लॅब किती पुढे आलाय, ग्रिलला हिरवी जाळी लावलीय का, काचेवर काळी फिल्म आहे का, यावर ठरतं. एकाच इमारतीत दुसऱ्या आणि बाराव्या मजल्यावरच्या उत्तरेकडच्या बाल्कन्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तो मोजायचा कसा ते पुढे सांगते. आधी झाडाचं अंग कशाचं बनतं ते बघू.

ब्रुसेल्सचे संशोधक यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट यांनी सतराव्या शतकात ही मातीची समजूत तराजूवर तपासली. मोठ्या कुंडीत 200 पौंड, म्हणजे साधारण 90 किलो, वाळवलेली माती घेतली आणि विलोचं 5 पौंडांचं रोप लावलं. पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. शेवटी झाड भरलं 169 पौंड, म्हणजे साधारण 77 किलो. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम 2 औंस, सुमारे 57 ग्रॅम कमी झाली होती. हे त्यांच्या मृत्यूनंतर 1648 साली छापून आलं. झाड मातीतून बनत नाही हे त्यांनी दाखवून दिलं, पण निष्कर्ष काढला की झाड सगळं पाण्याचंच बनतं. हवा त्यांच्या हिशेबात आलीच नाही.

आज आपल्याला माहीत आहे, की पूर्ण वाळवलेलं 100 ग्रॅम झाड घेतलं तर त्यात साधारण 45 ग्रॅम कार्बन, तेवढाच ऑक्सिजन आणि 6 ग्रॅमच्या आसपास हायड्रोजन असतो. उरलेल्या थोड्याशा भागात नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह वगैरे सगळं येतं. तो कार्बन सगळाच्या सगळा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आलेला असतो, आणि तो वायू हवेत आहे फक्त 0.04 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 10,000 रेणूंमागे चार. मोगऱ्याचं लाकूड, तुळशीची मंजिरी, टोमॅटोतला गोडवा, हे सगळं या इतक्या विरळ वायूतून पान गोळा करत असतं.

मग खत कशाला? मुलीला असं सांगा: खत म्हणजे भाकरीतलं मीठ. मीठ नसेल तर भाकरी बेचव होते, पण पीठच नसेल तर मीठ कितीही घाला, भाकरी होणार नाही. नत्राशिवाय पानाला हरितद्रव्य आणि प्रथिनं बनवता येत नाहीत, मॅग्नेशियमचा अणू तर हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध बसलेला असतो. म्हणून खत लागतंच, पण लागतं थोडं. अंग घडवणारी साखर पानातच तयार होते.

ती कशी तयार होते, ते जरा जवळून बघू.

तुळशीचं किंवा मोगऱ्याचं पान उलटं करा. डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्या बाजूला असंख्य बारीक छिद्रं असतात, ती पर्णरंध्रं. प्रत्येक रंध्राला दोन पेशींची उघडझाप करणारी जोडी असते. रंध्र उघडलं की कार्बन डायऑक्साइड आत येतो, आणि त्याच वाटेने पानातली वाफ बाहेर पडते. हा सौदा झाडाला टाळता येत नाही. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी 95 टक्क्यांहून जास्त पाणी असंच वाफ होऊन उडून जातं. पाणी कमी पडलं की झाड रंध्रं मिटून घेतं, आणि रंध्रं मिटली की कार्बन यायचाही थांबतो. मे महिन्यात पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी मान टाकलेलं झाड भर उन्हात असूनही त्या वेळी फारसं अन्न बनवत नसतं.

आत, पानाच्या पेशींमध्ये, हरितलवकं असतात आणि त्यांच्यात चपट्या पिशव्यांच्या चळती रचलेल्या असतात. हरितद्रव्य त्या पिशव्यांच्या पडद्यात बसवलेलं असतं. ते मुख्यतः तांबडा आणि निळा प्रकाश शोषतं. हिरवा त्या मानाने कमी शोषला जातो, म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं.

काम दोन टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात प्रकाश हरितद्रव्यावर पडतो आणि त्यातला इलेक्ट्रॉन उसळून बाहेर पडतो. तो एका रेणूकडून दुसऱ्याकडे असा पुढे जात राहतो, आणि त्या प्रवासातून एटीपी आणि एनएडीपीएच हे दोन ऊर्जावाहक रेणू तयार होतात. निघून गेलेल्या इलेक्ट्रॉनची जागा भरायला पान पाण्याचा रेणू तोडतं, आणि पाणी तुटलं की ऑक्सिजन सुटा होतो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येतो असं बरेच जण धरून चालतात. तो येतो पाण्यातून. अमेरिकेत रुबेन, केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1941 साली जड ऑक्सिजन (नेहमीपेक्षा वजनदार अणूंचा ऑक्सिजन) असलेलं पाणी वापरून हे दाखवलं.

दुसऱ्या टप्प्यात हे दोन ऊर्जावाहक खर्ची पडतात आणि कार्बन डायऑक्साइडची साखर होते. मेल्विन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून, शेवाळात हा कार्बन कुठून कुठे जातो ते पायरी-पायरीने शोधलं. कॅल्व्हिन यांना 1961 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हवेतला कार्बन पकडण्याचं काम रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) करतं, आणि ते फार सावकाश करतं, सेकंदाला साधारण तीन-चार रेणू. म्हणून पानाला ते प्रचंड प्रमाणात बनवून ठेवावं लागतं. तुम्ही दिलेल्या नत्राचा मोठा वाटा या एकाच प्रथिनात जातो. तयार झालेली साखर शेंड्याकडे, मुळांकडे, कळ्यांकडे पाठवली जाते, आणि दिवसा जास्तीची बनते ती पान स्टार्चच्या रूपात साठवून रात्री वापरतं.

दुसऱ्या टप्प्याला थेट प्रकाश लागत नाही म्हणून काही पुस्तकं त्याला अंधारातली क्रिया म्हणतात. त्यावरून मुलं समजतात की साखर रात्री बनते. तसं होत नाही. पहिल्या टप्प्यातले ऊर्जावाहक संपले की दुसरा टप्पा लगेच मंदावतो आणि थांबतो. प्रकाश गेला की दोन्ही बंद.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर फिश टँकचं सामान विकणाऱ्या दुकानातून हायड्रिला या पाणवनस्पतीच्या दोन-तीन काड्या आणा. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चिमूटभर खायचा सोडा टाका म्हणजे पाण्यात कार्बनची उणीव राहणार नाही, आणि काडी तिरकी कापून कापलेलं टोक वर येईल अशी उलटी बुडवा. टेबललॅम्प जवळ धरलात की थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून बारीक बुडबुड्यांची माळ सुटते. लॅम्प हातभर मागे न्या, बुडबुडे विरळ होतात. आणखी मागे नेलात की जवळजवळ थांबतात. एलईडीचा दिवा वापरा म्हणजे पाणी तापणार नाही आणि फरक पडला तो प्रकाशामुळेच, याची खात्री राहील. जगदीशचंद्र बोस यांनीही प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासासाठी हायड्रिलाच घेतली होती. मुलीला बुडबुडे मोजायला सांगा. प्रकाश घटला की अन्न किती घटतं हे दहा मिनिटांत कळतं, आणि तुमच्या बाल्कनीत नेमकं काय चाललंय तेही.

आता तिचा दुसरा प्रश्न: ऊन नाही तर झाड जिवंत कसं?

झाड साखर बनवतं तसं ती जाळतंही. पान, खोड, मूळ, सगळं चोवीस तास श्वसन करतं. प्रकाश इतका कमी झाला की बनते तेवढीच साखर जळून जाते, तर झाड जगतं पण वाढत नाही. उन्हात वाढणाऱ्या झाडाच्या एका पानापुरती ही पातळी साधारण 500 ते 1,000 लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपास असते. पण त्या पानाला मुळंही पोसायची असतात आणि सबंध रात्रही काढायची असते, म्हणून आख्ख्या झाडाला त्याच्या कितीतरी पट प्रकाश लागतो. सावलीत वाढणाऱ्या झाडांची पानं पातळ आणि कमी खर्चाची असतात, त्यांचं 100-200 लक्सवरही भागतं.

थेट ऊन नसलं तरी आकाशाचा उजेड असतोच, आणि त्यावरही साखर बनते. शिवाय झाड आधीची पुंजी वापरतं. नर्सरीतून आणलेला मोगरा महिना-दीड महिना छान दिसतो, कळ्याही उमलतात, मग हळूहळू बसतो. ते सुरुवातीचं सगळं नर्सरीतल्या उन्हात साठवलेल्या साखरेवर चाललेलं असतं. तुमची टोमॅटोची रोपंसुद्धा आधी जोमाने वर आली असणार, कारण पहिले काही दिवस बीमधला साठा पुरतो.

आणि इथे आपले डोळे दगा देतात. भर दुपारी उघड्या मैदानात साधारण 1,00,000 लक्स प्रकाश असतो. ढगाळ दिवशी बाहेर 10,000 ते 20,000. तुमच्यासारख्या बाल्कनीत कठड्यापाशी 2,000-3,000 मिळाला तरी बरा, आणि दोन पावलं आत आलात की काही शेकड्यांवर येतो. दिवाणखान्यात रात्री दिवे लावून 100 ते 300. पण डोळ्यातली बाहुली लहान-मोठी होत असल्यामुळे आपल्याला सगळीकडे ‘चांगला उजेड’ दिसतो. मी ज्या घरी जाते तिथे लोक मला हमखास सांगतात, आमच्याकडे भरपूर उजेड आहे. वाचायला तो भरपूर असतो, टोमॅटोला नसतो.

म्हणून फोनवर लक्स मोजणारं एखादं मोफत ॲप घ्या. ते अगदी अचूक नसतं, पण 800 आणि 8,000 मधला फरक नक्की सांगतं. फोन पानाच्या उंचीवर, पडदा आकाशाकडे करून धरा, कारण मोजणारा सेन्सर बहुतेक पुढच्या कॅमेऱ्यापाशी असतो. सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी चार, असं दोन-तीन दिवस मोजा. मग कुंडी कठड्यावर आणि भिंतीजवळ ठेवून आकडे ताडून बघा.

मुंबईच्या उत्तरेकडच्या बाल्कनीची एक गंमत लक्षात ठेवा, ती पुण्या-मुंबईबाहेर लिहिलेल्या बागकामाच्या सल्ल्यांत सापडत नाही. थंड देशांतले लोक लिहितात की उत्तरेला कधीच ऊन येत नाही. आपण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतोही पूर्व-पश्चिमेच्या थोडा उत्तरेला. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत उत्तरेच्या बाल्कनीत सकाळी लवकर आणि संध्याकाळी तिरकं ऊन येतं, समोरची इमारत आड आली नाही तर. दुपारचा सूर्य मात्र इतका माथ्यावर असतो की वरचा स्लॅब त्याला अडवतो. आणि जून उजाडला की ढग येतात, म्हणजे उन्हाची हक्काची वेळ पावसाळ्यात जाते. डिसेंबरात उलट. दुपारचा सूर्य दक्षिणेकडे जेमतेम 47 अंशांपर्यंत चढतो, दक्षिणेच्या बाल्कनीत खोलवर ऊन शिरतं आणि तुमच्याकडे फक्त आकाशाचा उजेड उरतो. तुमच्या झाडांचा सगळ्यात कठीण काळ म्हणजे पावसाळा आणि नंतर नोव्हेंबर ते जानेवारी. या महिन्यांत ती खंगली तर घाबरून खत वाढवू नका.

खत वाढवलं की काय होतं? किडकिडीत झाड म्हणजे उजेड शोधणारं झाड. सावलीत असल्याची जाणीव झाली की ते दोन पेरांमधलं अंतर वाढवतं, खोड जाड करण्याऐवजी लांब करतं, म्हणजे वरचा उजेड गाठता येईल. त्यात तुम्ही नत्र दिलंत की आणखी लुसलुशीत, पाणीदार वाढ होते. अशा कोवळ्या शेंड्यांवर मावा आणि पिठ्या ढेकूण लगेच बसतात. न वापरलेले क्षार कुंडीत साचतात, मुळांची टोकं करपतात. कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरा थर दिसतोय का बघा. दिसत असेल तर दोन महिने खत बंद ठेवा, आणि एकदा कुंडी मोरीत नेऊन भरपूर पाणी ओतून सगळं खालून वाहून जाऊ द्या.

पाण्याचंही तेच. कमी उजेडात झाड कमी पाणी ओढतं, पण आपला रोजचा तांब्या चुकत नाही. माती सतत ओली राहिली की तिच्यातली हवा जाते, मुळांना श्वसनाला ऑक्सिजन मिळत नाही, ती कुजतात. तुळशीची खालची पानं पिवळी पडतात त्याला पहिलं कारण मला हे वाटतं. दुसरं कारण असं, की झाड न परवडणारी सावलीतली पानं स्वतःहून सोडतं आणि त्यातलं नत्र शेंड्याकडे वळवतं. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर पाणी नको. पावसाळ्यात तुमच्या बाल्कनीत आठवड्यातून दोनदा पाणी पुरेसं होईल, कधी एकदाच.

आता चारही झाडांचं स्पष्ट सांगते. टोमॅटो आणि मिरचीला रोज निदान सहा तास थेट ऊन हवं. फळ म्हणजे शिलकी साखर, आणि ती शिल्लक तुमच्याकडे पडणार नाही. या बाल्कनीत त्यांचा नाद सोडा, किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलून कुंड्या गच्चीवर न्या. मोगऱ्यालाही चार-पाच तासांच्या उन्हाशिवाय कळी धरत नाही, त्यालाही गच्ची किंवा पूर्वेची खिडकी बघा. तुळस तुम्हाला घरात हवी असणार, हे मी समजू शकते. दोन रोपं ठेवा, एक बाल्कनीत कठड्याच्या अगदी बाहेरच्या टोकाला आणि एक गच्चीवर, आणि दर दहा-पंधरा दिवसांनी अदलाबदल करा. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा, नाहीतर असलेली साखर बीकडे जाते.

गच्चीवर नेताना मात्र एकदम भर उन्हात ठेवू नका. सावलीत उगवलेलं पान सावलीसाठीच घडलेलं असतं, मे महिन्याच्या उन्हात ते एका दिवसात पांढरं पडून करपतं. आधी चार-पाच दिवस पाण्याच्या टाकीच्या सावलीत, मग फक्त सकाळचं ऊन, मग पूर्ण. जुनी पानं तरीही गळतील. त्याची काळजी करू नका, नवी फुटतील ती जाड आणि गडद असतील.

रिकाम्या झालेल्या जागेत तिथल्या उजेडाला साजेशी झाडं लावा. माझी पहिली पसंती विड्याच्या पानाचा वेल. वसई-पालघरकडच्या पानमळ्यांत तो मुद्दाम सावली करून वाढवतात, आणि मुंबईची दमट हवा त्याला मानवते. मनी प्लांट, अग्लोनिमा, स्पायडर प्लांट, पीस लिली, नेचे, हेही चालतील. खायचं काही हवं असेल तर कठड्याजवळ पुदिना आणि पानओवा बऱ्यापैकी तग धरतात, अळूही येतं. मेथी किंवा मोहरी दाट पेरून बोटभर झाली की कापायची, कारण तेवढी वाढ बियांमधल्या साठ्यावर निघते. गवती चहा मात्र लावू नका. तो ऊस, मका आणि ज्वारीच्या गटातला, कार्बन पकडायची वेगळी आणि जोरदार पद्धत असलेला आहे, आणि त्या पद्धतीचा फायदा कडक उन्हातच मिळतो.

असलेला उजेड वाया जाऊ देऊ नका. हिरवी जाळी काढा, ती निम्मा प्रकाश खाते. भिंतीला पांढरा रंग द्या. आपल्याकडे जवळपास कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं, पानांवर सिमेंटच्या धुळीचा थर बसतो आणि त्यातून प्रकाश नीट आत जात नाही. पंधरा दिवसांतून एकदा ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसा. खालच्या बाजूने पुसताना हात हलका ठेवा.

दिवा लावून चालेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण पुढचा प्रश्न तोच असेल. चालतो. जांभळ्या रंगाचे महागडे दिवे आणायची गरज नाही. पांढऱ्या एलईडीत झाडाला लागणारा निळा आणि तांबडा दोन्ही असतो. 20 वॅटची साधी ट्यूब झाडाच्या शेंड्यापासून वीतभर उंचीवर टांगा आणि रोज 12 तास लावा. महिन्याला साधारण 7 युनिट वीज लागते. एवढ्यावर तुळस, पुदिना, पालेभाज्या चांगल्या येतात. छतावरची ट्यूब मात्र उपयोगाची नाही, अंतर वाढलं की प्रकाश झपाट्याने घटतो, तो हायड्रिलाचा प्रयोग आठवा. आणि रात्री दिवा बंद ठेवा.

मुलीला शाळेसाठी आणखी एक प्रयोग सुचवते. पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांचा मनी प्लांट तीन दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवा, म्हणजे पानांतला स्टार्च संपेल. मग सहा तास उजेडात ठेवून एक पान तोडा आणि हिरवे-पांढरे भाग कागदावर काढून घ्या. पान मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा. नंतर गॅस पूर्ण बंद करून, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या स्पिरिटच्या वाटीत ते टाका. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे हे तुम्ही स्वतः करा आणि जवळपास ज्योत असू देऊ नका. हिरवा रंग उतरला की पान धुऊन त्यावर आयोडीनचं पातळ द्रावण टाका. जिथे हिरवं होतं तिथेच निळं-काळं होतं, पांढरे भाग फिकट पिवळसर राहतात. कागदावरचं चित्र शेजारी ठेवलंत की नकाशा जुळतो. ठिपक्यांचा मनी प्लांट कमी उजेडात जास्त हिरवा का होतो, हे तिचं तिलाच सुचेल.

तुळस आणि पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतात असं तुमच्या प्रश्नाच्या शेवटी आहे. देत नाहीत. ऑक्सिजन पाणी तुटल्यावर निघतो आणि पाणी तोडायला प्रकाश लागतो, हे वर आलंच. रात्री सगळीच झाडं आपल्यासारखं श्वसन करतात, आणि एका कुंडीचं श्वसन इतकं कमी असतं की खोलीतल्या माणसाला त्याचा काहीही त्रास नाही. स्नेक प्लांट, कोरफड, निवडुंग, पानफुटी यांचं थोडं वेगळं आहे. कोरड्या जागी पाणी वाचवायला ही झाडं रात्री रंध्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रं मिटून त्याची साखर करतात. ऑक्सिजन त्यांच्याकडूनही दिवसाच येतो. याची एक जुनी नोंद आपल्याच देशातली आहे. बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञांना पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारनंतर बेचव लागलं, आणि त्यांनी 1813 साली हे लंडनला पत्राने कळवलं. तुम्ही चव घेऊ नका, पानफुटी पोटात जाणं चांगलं नाही. सकाळी सहाला एक पान आणि दुपारी चारला एक पान ठेचून त्याचा रस आंबटपणा दाखवणाऱ्या पीएच पट्टीवर लावा आणि दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बघा. पानफुटी तुमच्या उजेडात टिकेल, फक्त पाणी आठवड्यातून एकदाच घाला.